न धुतलेल्या हातास, बिलासकट

प्रति,
न धुतलेला हात,
अतिदक्षता विभाग

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तो तुला लिहिणार नाही. तू जिथे जिथे टेकलास तिथे दुसऱ्याच्या नावावर खर्च पडला, आणि त्या खर्चाच्या एकाही कागदावर तुझं नाव नाही. आज ते लिहायचं आहे.

तुझ्या ओळखीची अशी एक केस सांगतो. ती कोणा एकाची नाही, दर पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घडते. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिंदेवाही, गोंडपिपरी, कुठलंही गाव घे. रोवणीचे दिवस असतात. दिवसभर बांधीत वाकून दमलेली माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात आणि रात्री मण्यार येते. तिचा चावा इतका बारीक की अनेकांना जागही येत नाही. पहाटे पोटात कळा सुरू होतात, मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, घोट गिळवत नाही आणि शेवटी छाती हलायची थांबते.

मण्यारीचं विष स्नायूंना मिळणारा हुकूम तोडतं. प्रतिविष द्यायलाच हवं, पण एकदा लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच उठत नाहीत. मज्जातंतूंची टोकं पुन्हा सांधायला काही दिवस जातात, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस यंत्राने श्वास द्यायचा. हृदय ठीक, मूत्रपिंड ठीक, डोकं शाबूत, वय पंचवीस. यंत्र चालत राहिलं आणि मध्ये काही बिघडलं नाही तर हा मुलगा आपल्या पायांनी घरी जातो. अतिदक्षता विभागाने हमखास जिंकावा असा रुग्ण याच्यापेक्षा दुसरा कोणता?

त्याला तिथवर आणायला किती माणसं राबतात ते तुला ठाऊक नसेल. पर्लकोटेला पूर असेल तर भामरागडचा रस्ता बंद. कुणी खाटेवर उचलून आणतं, कुणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून बसवतं. आशाताई फोन लावत राहते. १०८ चा चालक आलापल्लीच्या जंगलातून रात्रीची गाडी काढतो. गडचिरोलीत जागा किंवा यंत्र मोकळं नसेल तर पुढे आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूर. वाटेत कुणीतरी डॉक्टर हलत्या गाडीत हाताने फुगा दाबत श्वास देत असतो. एवढ्या सगळ्यांनी मृत्यूशी झगडून पोहोचवलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझ्या ताब्यात येतो.

त्याच्या घशातल्या नळीतून कफ ओढायचा होता. तू नुकतीच शेजारच्या खाटेवरची लघवीची पिशवी रिकामी केली होतीस. मध्ये बेसिन होतं, पण नळाला पाणी नव्हतं. भिंतीला बाटली होती, तीही रिकामी. किंवा दोन्ही होतं आणि तुला घाई होती. तू सरळ आलास. हातमोजा होता म्हणशील. तो होताच, पण त्याच हातमोज्याने तू पिशवी धरलीस, पडदा सरकवलास, मॉनिटरचं बटण दाबलंस आणि मग नळीला हात लावलास. हातमोज्याने तू वाचलास. रुग्णाच्या दृष्टीने तो तुझ्या कातडीइतकाच मळलेला होता.

तुझ्यासोबत जे आलं त्याचं नाव ॲसिनेटोबॅक्टर. कधी क्लेबसिएला असतो, कधी स्यूडोमोनास. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, खाटेच्या दांड्यावर, यंत्राच्या बटणांवर कित्येक आठवडे तग धरतो. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. खोकल्याच्या शिंतोड्यांवर स्वार होऊन तो वॉर्डभर फिरत नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचं तर त्याला बहुतेक वेळा तूच लागतोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सगळ्यात धोकादायक जिवाणूंच्या पहिल्या गटात त्याला बसवलं, कारण कार्बापेनेम गटातली भारी औषधंही तो पचवतो. आयसीएमआरच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत दहापैकी जवळपास नऊ ॲसिनेटोबॅक्टर याच गटातल्या मेरोपेनेमला दाद देत नाहीत.

आणि मग नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगितलं जातं, ‘न्यूमोनिया झालाय.’

झालाय! जणू तो आकाशातून पडला. यंत्रावर अठ्ठेचाळीस तास उलटल्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, त्याची व्याख्या आहे, तो मोजायची पद्धत आहे. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बापाला यातलं काही सांगितलं जात नाही. त्याला वाटतं, सापाच्या विषाचाच हा पुढचा भाग. तो सापाला दोष देतो, नशिबाला देतो, उशिरा निघालो म्हणून स्वतःला देतो. तुझ्याकडे बोट जात नाही.

आता खर्चावर येऊ. उद्या यंत्र काढायचं ठरलेलं असतं, ते पुढे ढकललं जातं. खाटेचं भाडं रोजचं, यंत्राचं रोजचं, ऑक्सिजनचं, तपासण्यांचं रोजचं. मेरोपेनेमच्या कुप्या दिवसातून तीनदा. त्याने भागलं नाही तर कोलिस्टिन. मूत्रपिंडाला घातक म्हणून एकेकाळी जवळजवळ बाजूला ठेवलेलं हे औषध तुझ्यामुळे पुन्हा रोजच्या वापरात आलं आहे. कोलिस्टिनने मूत्रपिंड थकलं तर डायलिसिस. नळी फार दिवस राहिली तर गळ्याला छिद्र. साप चावला तेव्हा यातल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती.

आकडा मांडून बघू. हे कुठल्याही रुग्णालयाचं दरपत्रक नाही, फक्त मोजणीसाठी धरलेला आकडा आहे. दिवसाला दहा हजार रुपये आणि तुझ्यामुळे वाढलेले आठ दिवस धर. ऐंशी हजार झाले. धानाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे जवळपास पस्तीस क्विंटल धान. एकरी बारा क्विंटल पिकलं असं मानलं तरी तीन एकरांतला सगळा माल, त्यातून घरी खायला एक दाणाही न ठेवता. दोन एकरवाल्याने काय करायचं? रोजगार हमीची मजुरी त्याच वर्षी २९७ रुपये होती. त्या हिशेबाने २६९ दिवसांचं काम, आणि कायद्यातली हमी तेव्हा १०० दिवसांची होती. मे महिन्यात घरातली सगळी माणसं, शाळकरी पोरांसकट, पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडतात, पुडे बांधतात, उन्हात संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून देतात. त्या पैशांतून वर्षाचं बियाणं, कपडा, एखादं लग्न निघतं. तुझ्या एका स्पर्शात हंगामाच्या हंगाम जातो. त्याच मे महिन्याची पाच तारीख जगभर हात-स्वच्छता दिन म्हणून पाळली जाते, रुग्णालयांत फलक लागतात, फोटो निघतात. त्या फोटोंमध्ये तूही असतोस, हे मला फार चीड आणणारं आहे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात एका वेळच्या भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खाजगीत २७,३४७ रुपये होता. ही साऱ्या आजारांच्या भरत्यांची सरासरी आहे, त्यात दोन दिवसांच्या तापाचे रुग्णही आले. अतिदक्षता आणि वर तुझी भर, म्हणजे हा आकडा किती मागे पडतो ते सांगायला नको.

सरकारी योजना आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि ती चांगली आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण हे संरक्षण तुझ्यासाठी नव्हतं. ते आजारासाठी होतं. सापाच्या दंशासाठी ठेवलेल्या रकमेतून तू आणलेल्या संसर्गाचे दिवस निघायला लागले की त्याच वर्षी घरातल्या म्हातारीच्या ऑपरेशनला कमी पडतं. आणि पॅकेजची रक्कम पुरत नाही असं दिसलं की नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी ठेवायची आणि बाहेरच्या दुकानातून इंजेक्शन आणायला लावायचं, हा प्रकार किती कुटुंबांनी भोगला आहे! योजना रोकडरहित आहे, असे पैसे मागायला मनाई आहे, हे त्या रात्री त्या बापाला कोण सांगणार?

सरकारी रुग्णालयात बिल नाही म्हणून खर्च नाही, हेही खोटं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण रुग्णासोबत दोन माणसं असतात. त्यांची मजुरी बुडते, धान निंदायचं राहतं, बैल शेजाऱ्याच्या भरवशावर असतात, रोजचं जेवण विकत घ्यावं लागतं, गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला एसटीचं भाडं पडतं. तू वाढवलेला प्रत्येक दिवस या माणसांच्या अंगावर पडतो. शिवाय अडलेली खाट वेगळीच. या दोन जिल्ह्यांत श्वास देणारी यंत्रं मुबलक नाहीत. त्या आठ दिवसांत दुसरा कुणी सर्पदंशाचा रुग्ण आला आणि जागा नाही म्हणून नागपूरच्या वाटेवर पाठवला गेला, त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची? तो वाटेत गेला तर?

तुझी सगळ्यात वाईट करामत नवजात बाळांच्या कक्षातली. कमी वजनाचं बाळ, चिमटीत मावेल एवढी शीर, तिच्यात सुई, एका वॉर्मरवर कधी दोन बाळं, आणि त्या सगळ्यांमध्ये फिरणारा तू. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अतिदक्षता विभागातल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १४.३ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला. सापडलेल्या जंतूंत पहिला क्रमांक ॲसिनेटोबॅक्टरचा होता आणि त्यातले ८२ टक्के अनेक औषधांना न जुमानणारे होते.

आता याच्या शेजारी गडचिरोलीचं काम ठेव, कारण ते तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ ते १९९८ मध्ये जिल्ह्यातल्या ३९ गावांत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची व्यवस्था उभी केली. काम करणाऱ्या बाया गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या, महिनोन्‌महिने शिकवून तयार केलेल्या. अंधारं घर, चुलीचा धूर, शेणाने सारवलेली जमीन. तिथे त्यांनी बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग ओळखला आणि स्वतः इंजेक्शन दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापून आले. नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी उतरला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के मरत, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर.

वातानुकूलित खोलीतल्या तुझ्याजवळ यापेक्षा काय कमी होतं? स्टीलचं बेसिन, लाखोंची यंत्रं, पदव्या. त्या बाईजवळ साबण होता, रांजणातलं पाणी होतं आणि हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही ही शिस्त होती. ज्या जिल्ह्यातल्या झोपडीत हे जमलं, त्याच जिल्ह्याच्या माणसाला मोठ्या रुग्णालयात गेल्यावर तुझा प्रसाद मिळावा, ही गोष्ट मला सहन होत नाही.

बाहेरही हे करून दाखवलेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०३ अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाच साध्या गोष्टी काटेकोर पाळल्या: हात धुणं, पूर्ण झाकून काम करणं, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणं, जांघेतली शीर टाळणं, नको झालेली नळी लगेच काढणं. तीन महिन्यांत त्या नळ्यांतून होणाऱ्या रक्तसंसर्गाचा मध्यक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. हे २००६ साली छापून आलं. त्यात एकही नवं औषध नव्हतं. भारतातल्या दोनशे अतिदक्षता विभागांच्या २०१७ ते २०२४ या काळातल्या नोंदींत हजार नळी-दिवसांमागे अशा रक्तसंसर्गाचा दर ८.८३ निघाला आहे.

इथपर्यंत मी तुझ्याशी बोललो. पण तू मनगटाला जोडलेला आहेस आणि ते मनगट कुणाच्या हुकमात आहे तेही पाहायला हवं. यंत्रावरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी असा दंडक आहे. प्रत्यक्षात एक सिस्टर चार-पाच यंत्रं सांभाळते, वर डबल ड्युटी, वर कंत्राटी पगार, तोही वेळेवर नाही. दर स्पर्शाआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे तर त्यासाठीच तिच्या पाळीतला मोठा वेळ जाईल. तो वेळ तिला कुणी दिलेला नाही. म्हणून माझा राग तिच्यावर नाही. सफाई करणाऱ्या मावशींवर तर मुळीच नाही, एकाच फडक्याने दहा खाटा पुसायला त्यांना भाग पाडलं जातं. राग त्याच्यावर आहे ज्याने बाटल्यांची खरेदी मागे ढकलली, ज्याने तीन जागा रिकाम्या ठेवून पगार वाचवला, ज्याने संसर्ग नियंत्रण समिती कागदावर स्थापन केली आणि सभेच्या इतिवृत्तावर सह्या फिरवून घेतल्या. हे पत्र त्याला वाचून दाखव.

त्याला बदलायची निकड का वाटत नाही, याचं उत्तर पैशात आहे. संसर्ग टाळायचा तर खर्च त्याने करायचा. संसर्ग झाला तर खर्च रुग्णाने. खाजगीत तर संसर्गाने दिवस वाढतात, दिवसांनी बिल वाढतं. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली तेव्हा औषधं, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग निघाला आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. सगळे डॉक्टर जाणूनबुजून असं करतात असं मी म्हणत नाही, रात्र रात्र जागून रुग्ण वाचवणारे डॉक्टर याच चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. पण चूक ज्याची त्याच्या खिशाला झळ बसत नसेल आणि चुकीतूनच मिळकत वाढत असेल, तर ती चूक थांबवायची घाई कुणाला होणार?

अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने १ ऑक्टोबर २००८ पासून ठरवलं की रुग्णालयातच लागलेल्या काही ठरावीक संसर्गांसाठी रुग्णालयाला वाढीव पैसे द्यायचे नाहीत, आणि ते रुग्णाकडूनही घ्यायचे नाहीत. आपल्या फुले योजनेला हे करता येईल. राज्यातली किती मोठी रुग्णालयं तिच्या यादीत आहेत! कुणाला पैसे द्यायचे आणि कुणाला यादीतून काढायचं, हे तीच ठरवते. भरतीच्या दिवशी नसलेला आणि अठ्ठेचाळीस तासांनंतर उगवलेला संसर्ग कागदावर वेगळा दाखवायला लावा. त्याचा खर्च कुटुंबाच्या पाच लाखांतून कापू नका. आणि लपवणाऱ्याला मोजून दाखवणाऱ्यापेक्षा जबर दंड बसवा, नाहीतर सगळीकडे रातोरात संसर्ग शून्य झाल्याची पत्रकं निघतील. केंद्राच्या २०१५ पासूनच्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांना संसर्ग नियंत्रणाचे गुण मिळतात. ते गुण तपासणी पथक येणार त्या आठवड्यापुरते नकोत.

आणि त्या बाकड्यावर बसलेल्या बापासाठी: दादा, ‘न्यूमोनिया झालाय’ असं सांगितलं तर विचारा, आला तेव्हा होता का? नळीतल्या कफाची कल्चर तपासणी केली का, तिचा अहवाल द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. तुम्ही खाटेजवळ जाल तेव्हा आधी स्वतःचे हात धुवा आणि जो कुणी पोराला हात लावायला येईल त्याला नम्रपणे विचारा, हात धुतले का? राग आला तर येऊ द्या.

महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाला, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खाजगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्या दरपत्रकाशेजारी आणखी एक फळा हवा, आणि सरकारी रुग्णालयांतही तो हवा: या महिन्यात आमच्याकडे रुग्ण किती दिवस यंत्रावर होते आणि त्यांतल्या किती जणांना इथे आल्यावर न्यूमोनिया झाला. खडूने लिहा, मराठीत लिहा, गोंडी बोलणारा कुणी विचारायला आला तर त्याला समजेल असं तोंडी सांगा. तो फळा लागेपर्यंत तुझ्या नावाने अशी पत्रं येत राहतील.